शेंडेनक्षत्र धरायचं की कृत्तिका?

मागच्या अंकात १६ डिसेंबर २०१८ च्या रात्री काढलेला माझा एक फोटो छापला होता. एका बाजूला कृत्तिकांचा पुंजका, दुसऱ्या बाजूला ४६पी/विर्टानेन हा हिरवट धूमकेतू, म्हणजे शेंडेनक्षत्र. फोटो जुना, पण पत्रं ताजी आली. एका वाचकाने तर मला पकडलंच. ते पत्र दुसरं ठेवलंय, कारण पहिलं वाचल्याशिवाय त्यातली गोम कळणार नाही.

प्रश्न : ताई, त्याच रात्री आमच्या गावाबाहेरच्या सड्यावरून मीही हा धूमकेतू टिपला होता. १८ मेगापिक्सेलचा कॅनन, २०० मिमी लेन्स, खाली ट्रॅकर. एकेक मिनिटाचे ९० फोटो. सॉफ्टवेअरमध्ये एकत्र केल्यावर कृत्तिका झकास आल्या, धूमकेतू मात्र कुणीतरी अंगठ्याने पुसल्यासारखा लांबट. ट्रॅकर बिघडला होता का? (चिपळूण)

ट्रॅकर बिघडला असता तर कृत्तिका झकास आल्या नसत्या. ट्रॅकरने आपलं काम चोख केलं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे सरकतात, त्यांच्यामागे तो कॅमेरा फिरवत राहिला. धूमकेतू मात्र ताऱ्यांमधून स्वतःच्या वाटेने चालला होता, आणि ते ट्रॅकरला कोण सांगणार?

विर्टानेन त्या रात्री आपल्यापासून १ कोटी १६ लाख किलोमीटरवर होता. म्हणजे चंद्राच्या तीसपट लांब. धूमकेतूंच्या हिशेबात हे अगदी अंगणात आल्यासारखं. इतक्या जवळून गेल्यामुळे तो आकाशात दिवसाला सुमारे चार अंश सरकत होता, म्हणजे मिनिटाला १० विकला (एका अंशाच्या ३६०० भागांपैकी एक भाग म्हणजे विकला). आता तुमच्या कॅमेऱ्याचा हिशेब करू. २०० मिमी लेन्सवर तुमचा एक पिक्सेल जवळपास साडेचार विकलांचा. एका मिनिटाच्या फोटोत धूमकेतू सव्वादोन पिक्सेल सरकला, तो डोळ्यांना कळत नाही. पण ९० मिनिटांत सरकला दोनशे पिक्सेल. सॉफ्टवेअरने ताऱ्यांवर तारे बसवले, त्यामुळे धूमकेतू दोनशे पिक्सेल फासला गेला.

माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं. त्या रविवारी मी वाईच्या पुढे धोम धरणाकडे गेले होते. अर्धा चंद्र आकाशात होता, तो मध्यरात्र उलटल्यावर मावळला. तोवर नुसतं बसायचं. डिसेंबर म्हणजे ऊसतोडीचे दिवस. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, त्यांचे दिवे आणि त्यांची गाणी दोन्ही फुल. दर ट्रॉलीला मी लेन्सवर टोपी धरायची. साडेबाराला गावचे पोलीस पाटील बॅटरी घेऊन आले, बाई एकटी रात्री लाल दिवा लावून काय करतेय ते बघायला. त्यांना दुर्बिणीतून धूमकेतू दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, “एवढंच?” मग तिथेच दगडावर बसले आणि पुढची एकही ट्रॉली त्यांनी मोठे दिवे लावून जाऊ दिली नाही.

एक वाजता सुरुवात केली. माझी लेन्स १३५ मिमी, छिद्र २.८, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, त्याचं माप) १६००, एकेक मिनिटाचं एक्स्पोजर. दोन वाजून वीस मिनिटांनी पडद्यावर तारे एकदम फुगलेले दिसले. धरणाचं पाणी जवळ, लेन्सवर दव बसलं होतं. मागे जाऊन पाहिलं तर शेवटचे अकरा फोटो धुरकट. लेन्सभोवती गुंडाळायची तापणारी पट्टी मिळते, पॉवर बँकेवर चालते. ती माझ्या पिशवीतच होती. लावली नव्हती. तीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये मुलांना “आधी उपकरण तपासा” सांगत आले, असो.

तुमच्याकडे यायचं तर, ते ९० फोटो म्हणजे खजिना आहे, पुसू नका. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल यापैकी काहीही घ्या, दोन्ही फुकट आहेत. दोन्हींत धूमकेतूसाठी वेगळी सोय आहे. पहिल्या आणि शेवटच्या फोटोत धूमकेतूच्या मध्यावर, जिथे सगळ्यांत उजळ ठिपका दिसतो तिथे, खूण करायची. मधल्या फोटोंत तो कुठे असेल हे सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलमधल्या वेळेवरून काढतं. म्हणून मूळ रॉ फाइलीच वापरा. मोबाइलवरून पाठवून परत घेतलेल्या फाइलींतली वेळ बहुधा गेलेली असते. कॅमेऱ्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असलं तर बिघडत नाही, फक्त दोन फोटोंमधलं अंतर खरं हवं.

आता सगळे फोटो धूमकेतूवर बसतील आणि कृत्तिकांच्या रेघा होतील. त्या घालवायला फोटो जोडायच्या पद्धतीत कप्पा-सिग्मा निवडा. यात प्रत्येक पिक्सेल नव्वदही फोटोंत तपासला जातो. एखाद्या ठिकाणी तारा चार-पाच फोटोंतच आला आणि बाकीच्यांत नुसतं आकाश असेल, तर ते चार-पाच आकडे टाकून दिले जातात. बारीक तारे असे साफ जातात. कृत्तिकांसारखे ठळक तारे मात्र सहजी जात नाहीत, पुसट ओरखडे मागे ठेवतात. ते हाताने साफ करावे लागतात, नाहीतर मान्य करावे लागतात.

प्रश्न : मॅडम, धूमकेतू चालत असतो असं तुम्हीच मागे लिहिलंय. मग तुमच्या फोटोत कृत्तिका ठिपक्यांसारख्या आणि धूमकेतूही रेखीव, हे कसं? दोन फोटो चिकटवलेत ना? मग तसं लिहिलं का नाही? (सोलापूर)

लिहायला हवं होतं. फोटोखाली मी तारीख, लेन्स आणि मिनिटं दिली, पण हे दोन थर आहेत हे सांगितलं नाही. चूक माझी. संपादकांनी मागितल्या तेवढ्या ओळी दिल्या, ही सबब झाली.

आता काय केलं ते सांगते, मग चिकटवणं म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. दव बसण्याआधीचे ६९ चांगले फोटो होते. तेच एकदा ताऱ्यांवर बसवले, एकदा धूमकेतूवर. पहिल्या थरातून फासलेला धूमकेतू काढला, दुसऱ्यातून ताऱ्यांच्या रेघा. मग मधल्या एका फोटोत, १ वाजून ३५ मिनिटांच्या, धूमकेतू ज्या जागी होता नेमका त्याच जागी तो ताऱ्यांच्या थरावर ठेवला. त्याला जवळ आणला नाही, मोठा केला नाही, फिरवला नाही. त्या मिनिटाला तुम्ही धोमला माझ्याशेजारी असता आणि तुमचे डोळे कॅमेऱ्यासारखे तासभर उजेड साठवू शकले असते, तर जे दिसलं असतं ते हे.

दुसरा मार्ग आहे, एकच फोटो दाखवायचा. एका मिनिटाच्या फोटोत तारे आणि धूमकेतू दोन्ही ठीक येतात, पण कृत्तिकांभोवतीची निळी धूळ येत नाही, धूमकेतूचा विरळ भाग येत नाही आणि सगळीकडे कणकण दिसतात. तो प्रामाणिक आहेच, पण आकाशात जे होतं त्यातलं निम्मं तो दाखवत नाही. म्हणून दोन थरांचा फोटो मला खोटा वाटत नाही. दोन थर असल्याचं न सांगणं खोटं. ते तुम्ही धरलंत, बरं केलंत.

खरी चिकटवाचिकटवी कशी असते तेही एकदा पाहिलंय. एका प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेले होते. एका मुलाचा फोटो सगळ्यांच्या नजरेत भरला होता : कृत्तिकांना टेकलेला विर्टानेन आणि त्याला भलीमोठी शेपटी. खाली तारीख तीच, १६ डिसेंबर. त्या रात्री धूमकेतू आणि कृत्तिका यांच्यामध्ये चार-एक अंशांचं अंतर होतं, पौर्णिमेचे सात-आठ चंद्र एका ओळीत मांडावेत एवढं. बरं, अंतर चुकलं म्हणू. पण शेपटी पश्चिमेकडे होती, जिकडे सूर्य मावळला त्या बाजूला. धूमकेतूची शेपटी सूर्यापासून लांब जाते, सूर्याकडे नाही. (उलटी शेपटी दिसते कधीकधी, २०२४ च्या ऑक्टोबरात त्सुचिनशान-अ‍ॅटलास या धूमकेतूला दिसली होती. तो बघण्याच्या कोनाचा खेळ, आणि ती सुईसारखी असते, झाडूसारखी नाही.) विर्टानेन तर त्या रात्री सूर्याच्या जवळजवळ विरुद्ध बाजूला होता, त्यामुळे त्याची शेपटी त्याच्याच पाठीमागे दडली होती. जवळ बोलावून विचारलं, तर मुलगा म्हणाला, “शेपटीशिवाय कोण बघणार?” त्याचंही खोटं नाही, लोक शेपटीच शोधतात. पण बक्षीस काही आम्ही दिलं नाही.

प्रश्न : ऑक्टोबर २०२४ मध्ये संध्याकाळी काढलेल्या धूमकेतूच्या फोटोत त्याच्याजवळच दुसरा एक धुरकट गोळा आलाय. हा दुसरा धूमकेतू तर नाही? मी शोधला असेल तर कुणाला कळवायचं? (नागपूर)

फोटो पाहिला. तारीख १५ ऑक्टोबर, धूमकेतू त्सुचिनशान-अ‍ॅटलास, आणि गोळा म्हणजे एम ५. सर्प तारकासमूहातला गोलाकार तारकागुच्छ. तुमच्या फोटोत बोटाच्या नखाएवढा दिसतो, पण त्यात लाखो तारे आहेत. धूमकेतू त्या आठवड्यात सुमारे सात कोटी किलोमीटरवर होता, एम ५ चोवीस-पंचवीस हजार प्रकाशवर्षांवर. एकाच चौकटीत दोघेही सारखेच धुरकट. त्यातलं अंतर फोटोला समजत नाही.

हिरमुसू नका, ही चूक मोठ्या घराण्यातली आहे. १७०२ साली बर्लिनमध्ये गॉटफ्रीड किर्श एक धूमकेतू बघत असताना त्यांना हाच गुच्छ सापडला. पुढे चार्ल्स मेसिए या फ्रेंच धूमकेतू-शोधकाने अशा फसवणाऱ्या धुरकट गोष्टींची यादीच केली, म्हणजे पुन:पुन्हा तिथे अडकायला नको. एम ५ मधला एम त्यांचाच. यादीत कृत्तिकाही आहेत, एम ४५. आता कृत्तिकांना धूमकेतू कोण समजणार, पण आहेत खऱ्या.

उलटही घडतं. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅलन हेल आणि थॉमस बॉप हे दोघे वेगवेगळ्या ठिकाणांहून, एकाच रात्री, एम ७० हा गुच्छ बघत होते. शेजारी एक डाग दिसला, तो यादीत नव्हता आणि तासाभरात हललाही. तोच हेल-बॉप, १९९७ च्या वसंतात आपण सगळ्यांनी गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी पाहिलेला. बॉप यांच्याकडे स्वतःची दुर्बीणही नव्हती, मित्राची होती.

तर तुमच्या गोळ्याची परीक्षा सोपी आहे. तासाभराच्या अंतराने दोन फोटो काढायचे. जागचा हलला नाही तर गुच्छ. हलला तर आधी आकाशाचा नकाशा उघडायचा आणि मग मला फोन.

प्रश्न : दुर्बिणीतून विर्टानेन राखाडी दिसला होता, तुमच्या फोटोत हिरवा कसा? रंग भरलाय का? आणि तो चौथ्या प्रतीचा होता म्हणतात, मग मला डोळ्यांनी का दिसला नाही? (डिचोली, गोवा)

रंग त्याचाच. कार्बनचे दोन अणू जोडीने असलेला रेणू सूर्यप्रकाशात हिरवा उजळतो. तो डोक्याभोवतीच्या वायूत असतो. एक-दोन दिवसांत सूर्यप्रकाशच त्याला तोडतो, त्यामुळे शेपटीपर्यंत हिरवं पोचत नाही. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत, कॅमेऱ्याला कळतात, एवढाच फरक. थोडा गडद मी केला होता, हे सोलापूरकरांनी विचारायच्या आत सांगून टाकते.

प्रतीचं (प्रत म्हणजे चमक मोजायचं माप) म्हणाल तर चौथ्या प्रतीचा तारा एका ठिपक्यात असतो. विर्टानेनचा तेवढाच उजेड जवळजवळ एक अंशभर, म्हणजे दोन पौर्णिमेच्या चंद्रांएवढ्या रुंदीवर पसरला होता. चमचाभर तूप एका घासाला लावलं तर कळतं. पातेलंभर भाताला लावलं तर कुणाला पत्ताही लागत नाही. शहराच्या उजेडात तर विचारूच नका.

प्रश्न : काकू, मी बारावीत आहे. काकांचा जुना डीएसएलआर मिळालाय, त्याला ५० मिमी लेन्स आहे. ट्रॅकर नाही. बाबा म्हणतात, वाढदिवसाला ७०-३०० ची लेन्स किंवा ट्रॅकर, एकच मिळेल. काय मागू? (रत्नागिरी)

ट्रॅकर माग. ३०० मिमी लेन्स नुसत्या तिपाईवर लावलीस तर एका सेकंदात तारा पाच पिक्सेल पळतो. चंद्राचे फोटो छान येतील, धूमकेतूचा एकही येणार नाही.

पण वाढदिवसापर्यंत थांबू नकोस. ५० मिमी लेन्स तिपाईवर ठेव, छिद्र २ किंवा २.२, आयएसओ ३२००, एक्स्पोजर ५ सेकंद. याहून जास्त घेतलंस तर तारे तांदळासारखे लांब होतात. असे दोनशे फोटो काढ. दर पंचवीस फोटोंनंतर कॅमेरा थोडा फिरवून धूमकेतू पुन्हा मध्ये आण. सगळं मिळून वीस मिनिटं. फोकस आपोआप लागणार नाही. रोहिणीसारखा ठळक तारा पडद्यावर दहापट मोठा करून, कडी हाताने फिरवत तो बारीकात बारीक कर आणि कडीला चिकटपट्टी लाव. मी चिकटपट्टी विसरले की माझी रात्र गेलीच म्हणून समज.

आणि तुला एक फायदा आहे जो चिपळूणकरांना आणि मला नव्हता. ५० मिमीवर तुझा पिक्सेल साधारण अठरा विकलांचा. विर्टानेनसारखा पळणारा असला तरी वीस मिनिटांत तो अकरा-बारा पिक्सेलच सरकेल, आणि त्याचा गोळाच दोनशे पिक्सेल रुंद. फासलेला कळणारसुद्धा नाही. दोन थरांची भानगडच नको. फेब्रुवारी २०२३ मध्ये सी/२०२२ ई३ हा धूमकेतू रोहिणीजवळून गेला, तेव्हा मी हेच केलं. चंद्र उशिरा उगवत होता, संध्याकाळी आकाश काळं होतं, जेवणाच्या आत काम संपलं. रोहिणीचा शकट (गाड्यासारखा दिसणारा ताऱ्यांचा पुंजका), खाली तांबडी रोहिणी, बाजूला धूमकेतू. घरच्या गच्चीवरून. मोठ्या लेन्सने काढलेल्यापेक्षा मला तो फोटो जास्त आवडतो.

ट्रॅकर आला की त्याचा अक्ष ध्रुवाकडे लावावा लागतो. परदेशी व्हिडिओंमध्ये ध्रुव उंच दिसतो. आपल्याकडे जितके अक्षांश तितकाच वर, रत्नागिरीत १७ अंश, हात लांब करून धरलेल्या पावणेदोन मुठी. माडांच्या आणि धुक्याच्या मागे तो सहज लपतो. म्हणून आधी दिवसा जाऊन उत्तर दिशा मोकळी असलेली जागा बघून ठेव.

प्रश्न : आमची सून धूमकेतूचे फोटो काढायला रात्री शेतावर जाते म्हणते. तिला पाचवा महिना आहे. शेंडेनक्षत्राची दृष्ट वगैरे मी मानत नाही, पण शेजारणी बोलतात. त्यातून धूमकेतू रोहिणीजवळ दिसला की जास्तच. काय करावं? (कराड)

काकू, रोहिणीच्या शकटातून शनी गेला तर दुष्काळ पडतो अशी जुनी समजूत आहे. ती समजूत दुष्काळाची, पोटातल्या बाळाची नाही, शेजारणींना एवढं सांगा. धूमकेतूपासून तिला धोका काही नाही. धोका आहे तो ओल्या बांधावर पाय घसरण्याचा, जनावराचा आणि थंडीचा. डॉक्टर हो म्हणत असतील तर बूट, शाल आणि सोबतीला माणूस द्या. शेतापेक्षा गच्ची बरी. तारे काही बांधावरच उगवत नाहीत.

आणि तासभर कॅमेऱ्यापाशी उभं राहायची काहीच गरज नसते, बटण एकदा दाबलं की तो आपला काढत बसतो. तिपाई कॅमेऱ्याला, खुर्ची तिला. दुसरी खुर्ची तुम्ही घेऊन जा.